बाराव्या खाटेसाठी कादंबरी

“नाटक नको, मावशी. शेजारच्या खाटेवरचा काल घरी गेला. आता राजाही मीच आणि शिपाईही मीच, जीव मेटाकुटीला येतो.”

मावशींनी नाटक परत घेतलं आणि नवव्या खाटेला निबंध दिले. दर गुरुवारी रुग्णालयात पुस्तकांची गाडी ढकलत फिरायचं, ही त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी. साहित्य कशासाठी असतं, यावर विद्वानांनी खुशाल डोकेफोड करावी. मावशींचं सगळं ठरलेलं होतं. पाय मोडून पडलेल्याला कादंबरी. तपासणीच्या निकालासाठी अडकलेल्याला निबंध, कुठूनही उघडा, कुठेही मिटा. उद्या ऑपरेशन असेल त्याला आत्मचरित्र, कारण लिहिणारा शेवटच्या पानापर्यंत जिवंत असतो. ज्याला पुस्तक हातात पेलत नाही त्याला कविता, तीही मावशींच्याच तोंडून.

आणि जो पुढच्या गुरुवारपर्यंत राहणार नाही, त्याला कथा. एका बैठकीत संपणारी. एकदा रिकाम्या खाटेवरून पान दुमडलेली कादंबरी उचलावी लागली होती, तेव्हापासून. हे त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, घरी चहा पिता पिता.

तोच आज बाराव्या खाटेवर होता. सकाळी डॉक्टर मावशींना बाजूला घेऊन म्हणाले होते, “चार-पाच दिवस.” त्याला हे कळू द्यायचं नाही, असं मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं.

“या, पुस्तकवाल्या बाई,” तो म्हणाला. “शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला, वाचायचं राहूनच गेलं. मलाही दे की काहीतरी.”

सव्वीस वर्षांची सवय. हात आपोआप गाडीकडे गेला आणि एक पातळ कथासंग्रह त्याच्या पांघरुणावर ठेवून मोकळा झाला.

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“अहो, चुकून दिलं. थांबा.” त्यांनी गाडीतली सगळ्यात जाडजूड कादंबरी ओढून काढली. “ही घ्या. सातशे पानं आहेत. महिनाभर पुरेल.”

“महिनाभर,” तो म्हणाला. “बरं.”

बाकीचा वॉर्ड मावशींनी कसाबसा उरकला. दुपारी परत आल्या, तर तो कादंबरीचं शेवटचं पान वाचत होता.

“हे काय, शेवटून सुरुवात?”

“तेवढं वाचून टाकलं. अर्धवट राहिली असं नको व्हायला.” तो दम घ्यायला थांबला. “मनाला लावून घेऊ नकोस गं. तुला लपवाछपवी कधी जमलीच नाही.”

मावशींना रडू आवरेना. इतकी वर्षं दुसऱ्यांची दुखणी पाहून आपण घट्ट झालो आहोत, हा त्यांचा समज साफ खोटा ठरला. त्याने त्यांना पोटभर रडू दिलं.

“शेवट काय आहे?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“सांगणार नाही. तू वाच. आणि मोठ्याने वाच, मलाही मधलं ऐकायचंय.”

मावशींनी स्टूल जवळ ओढलं, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. मंगळवारपर्यंत एकशे अठरा पानं झाली.