डाव्या कानाची खाच

राजेश्रीने पाकीट फोडलं. समोर तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर बसले होते. बारा म्हाताऱ्या उंदरांना तिने तीन महिने सेलेनियम आणि जस्त खाऊ घातलं होतं, दुसऱ्या बारांना नुसतं खाद्य. मग चोवीस जणांच्या थायरॉइड ग्रंथींचे काप काढून, कोणता कोणाचा हे न कळता तिने तपासले होते. ते गुपित पाकिटात होतं.

तरण्याताठ्या दिसणाऱ्या ग्रंथी नुसतं खाद्य खाणाऱ्यांच्या निघाल्या. खनिजवाल्यांतल्या पाच तर झिजून गेल्या होत्या.

खनिजांनी ग्रंथी सुधारते असा सारांश सरांनी पुण्याच्या परिषदेला आधीच पाठवला होता. ते म्हणाले, "उन्हाळ्यात कूलर बंद पडला तेव्हा भुजंगने पिंजरे हलवले होते. तेव्हाच पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. प्रबंधात तसं एक वाक्य लिहा."

एका वाक्याने तिची तीन वर्षांची मेहनत वाचत होती. पण तिला पोखर्णीला गावी राहणारी आई, तानुबाई, आठवली. तानुबाईंच्या गळ्याला गाठ होती. पोरगी ज्यावर काम करायलीय तेच औषध म्हणून त्यांनी डॉक्टरची गोळी सोडून कुणाकडून तरी सेलेनियमची पुडी आणली होती, आणि राजेश्रीने नीट अडवलंही नव्हतं. तिचाही विश्वास होताच की.

ती तडक डीप फ्रीजरकडे गेली. उंदरांची शरीरं अजून तिथेच होती आणि खनिजवाल्यांच्या डाव्या कानाला पहिल्याच दिवशी खाच पाडलेली होती. पिंजरे सांभाळणारे भुजंगकाका पाकिटातल्या यादीप्रमाणे खनिजवाल्यांची एकेक पिशवी तिच्या हातात देत गेले. बोटं बधिर झाली. डावा कान, खाच. डावा. बाराव्या पिशवीपर्यंत डावाच. चिठ्ठ्या बरोबर होत्या.

"खाच बघितल्याबिगर म्या पिंजरा हलवत न्हाई, ताई," काका एवढंच म्हणाले.

तिथूनच तिने आईला फोन लावला.

"आई, ती पुडी आजच फेकून दे. डॉक्टरची गोळी चालू कर."

"मंग तुझं काम वाया गेलं का गं?"

"न्हाई. मला वाटलं होतं तसं निघालं न्हाई, एवढंच."

कानांचे फोटो तिने सरांच्या टेबलावर ठेवले आणि ते वाक्य लिहिणार नाही म्हणून सांगितलं. तीन आठवडे त्यांनी प्रबंधाच्या प्रकरणावर सहीही केली नाही आणि तिला बोलावलंही नाही.

चौथ्या सोमवारी त्यांनी निरोप धाडला. सारांश त्यांनी मागे घेतला होता. तिच्या प्रकरणावर सही होती आणि समासात लाल शाईत लिहिलं होतं: मात्रा जास्त झाली का?

"कमी मात्रेने परत बघायचं?" त्यांनी विचारलं. "उंदीर म्हातारे व्हायला दोन वर्षं लागतील."

"तोवर थांबते मी," राजेश्री म्हणाली.