नीट रंगवलेलं झाड

दुसरीच्या बाईंच्या वर्गात ऋतू बदलला की तो आधी भिंतीला कळायचा आणि मग आभाळाला. ढग यायच्या आधीच भिंतीवर छत्र्या लागायच्या, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आधी सूर्य आणि टोप्या, आणि कुणी स्वेटर काढायच्या आधी पानं झडलेलं एक मोठं झाड. चित्र बाई स्वतः काढायच्या, झेरॉक्स आणायच्या आणि मुलांपुढे एकेक कागद ठेवून बजावायच्या, "रेषेच्या आत हं! बाहेर गेलात तर माझ्याशी गाठ आहे."

आता एवढ्याएवढ्या पोरांच्या हातात मेणाचा खडू दिल्यावर तो रेषेत राहतोय थोडाच! पण व्हरांड्यातल्या फलकावर दुसरीची चित्रं अशी झळकायची, की बाकीच्या शिक्षिका मनातल्या मनात बोटं मोडायच्या. त्यातली मेख एकट्या बाईंना ठाऊक होती. शाळा सुटली की त्या खडूंचा डबा घेऊन बसायच्या. पांढरी राहिलेली जागा भरायच्या, बाहेर गेलेला रंग ब्लेडनं खरवडायच्या, झाड निळं असेल तर त्यावर तपकिरी चढवायच्या. आपण लबाडी करतोय असं त्यांच्या स्वप्नातही यायचं नाही. चारचौघांत नेण्याआधी लेकराचं नाक पुसावं, तसंच हे. पालकसभेला आया हरखून जायच्या, मोठ्या बाई पाठ थोपटायच्या. कुणाचं काय बिघडत होतं?

सगळ्यात जास्त घाम गाळावा लागायचा भिंगरीच्या कागदावर. पोरगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळी शाळा तिला भिंगरीच म्हणायची. ती उभ्यानं रंगवायची. जांभळा खडू एकदा हाती लागला की सूर्य जांभळा, टोपी जांभळी, छत्री जांभळी, आणि कागद संपला तरी हात काही थांबायचा नाही, बाकावरून फिरून यायचा.

"अगं, झाड कधी जांभळं असतं का?" बाईंनी या थंडीत तिला विचारलं होतं.

"तुम्ही सगळी झाडं बघितलीत?" भिंगरीनं मान वर न करता विचारलं.

बाईंना हसू आवरेना. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ते झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपकिरी करून टाकलं.

थंडी ऐन भरात आली आणि भिंगरीनं अंथरूण धरलं. आधी घरगुती औषधं झाली, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. ताप मेंदूत गेला म्हणाले. एका सकाळी मोठ्या बाईंनी मुलांना खाली बसवून काय ते सांगितलं. दुसरीचा वर्ग त्या दिवशी इतका शहाण्यासारखा बसला, की त्यानं दंगा करावा म्हणून बाईंचा जीव तुटत होता.

भिंगरीची आई आली ती शाळा सुटल्यावर, सगळी मुलं गेल्यावर. मुलांच्या छोट्या बाकावर कशीबशी टेकली.

"बाई, तिनं रंगवलेलं काही असलं तर द्या. घरी तिचं काहीच उरलं नाही हो. भिंती भरून ठेवायची, पण मागच्या सुट्टीत यांनी घराला नवा रंग दिला. मीच मागे लागले होते, लोक काय म्हणतील म्हणून."

"आहे ना, ताई," बाई घाईनं म्हणाल्या. काहीतरी देता येतंय याचंच त्यांना बरं वाटलं. व्हरांड्यातून झाड उतरवलं, कपाटातून सूर्य आणि छत्री काढली आणि तिन्ही कागद आईपुढे ठेवले.

आई हसली. मग नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा पडला.

"इतकं नीट?" ती म्हणाली. "म्हणजे हिला येत होतं. घरी मुद्दाम करायची." तिनं झाडावरून बोट फिरवलं. "भिंत घाण केली म्हणून मी हातावर पट्टी मारली होती तिच्या. तुमच्यापाशी बघा कशी शहाणी होती. तिचं मन इथंच रमत होतं, बाई. माझ्याजवळ नाही."

बाईंना कळून चुकलं. गप्प बसलं तर ही आई हे ओझं जन्मभर वाहणार. बोललं तर हातात आलेलं एवढंही जाणार. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाजही वाटत होती, मेलेल्या पोरीच्या आईपुढेसुद्धा.

"ताई, तसं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ती इथंही तशीच रंगवायची. बाहेर जायची. हे... हे वरचं मी रंगवलंय. फलकासाठी. सगळ्यांचंच करते मी."

आईला कळायला वेळ लागला. "मग तिचं कुठंय?"

"खाली आहे. तपकिरीच्या खाली."

आईनं कागद जवळ ओढला आणि नखानं खरवडायला लागली. मेणाचे तपकिरी कण बाकावर पडत होते. बाईही खाली वाकल्या, फांदीपाशी हलक्या हातानं खरवडू लागल्या. दोन्ही रंग एकमेकांत पार मिसळून गेले होते. एका ठिकाणी जरासं जांभळं दिसल्यासारखं झालं. आईनं तिथंच जोर लावला आणि कागद फाटला.

दोघी थांबल्या. आईनं फाटलेली कड तळहातानं दाबून सारखी केली. मग तिची नजर खालच्या कोपऱ्यात लिहिलेल्या नावावर गेली.

"असू दे," ती म्हणाली. "नाव तरी तिच्या हातचं आहे. हे मी कापून ठेवीन."

बाईंना हो म्हणायचं होतं. पण खोटं त्यांच्या तोंडातून निघेना, आणि खरंही निघेना. सगळी एकसारखी दिसावीत म्हणून वर्गातल्या झाडून सगळ्यांची नावं त्याच लिहायच्या. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बघता बघता तिला कळलं, आणि तिनं तिन्ही कागद हळूच बाईंच्या पुढ्यात सरकवून दिले.