चार नंबरची जाग

“काका, हे गेलं की काय हो?”

मेट्रनबाईंनी नेटबुकाचं झाकण उघडलं होतं आणि समोरचा पडदा काळाकुट्ट होता. कडेचा हिरवा दिवा लागलेला, आतला पंखा बारीक घरघरतोय, पण पडद्यावर अंधार. संगणककाका हातातली वही तशीच धरून टेबलापाशी आले.

“काय केलंत तुम्ही?”

“मी काय करणार? तुम्हीच म्हणालात ना, बसून बघा म्हणून. बसले. दहा प्रश्न सोडवले. वॉर्डातून हाक आली, झाकण लावून गेले. वीस मिनिटांनी येते, तर हे असं डोळे मिटून बसलंय.”

“झाकण कशाला लावलंत पण?”

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं नर्सिंग शिकवलेल्या बाईची नजर होती ती. “कशाला म्हणजे? उठताना उघडं टाकून जायचं? जेवणाचा ट्रे, औषधाची ट्रॉली, पेशंटचं अंग, जे हाताखाली असेल ते आम्ही झाकूनच उठतो. पहिल्या दिवसापासून मुलींच्या अंगवळणी पाडतो मी. उद्या पेपराला बसतील ना, चोवीसच्या चोवीस जणी झाकतील. पाणी प्यायला उठली तरी झाकेल.”

महिनाभर काका या खोलीत डोळ्यांत तेल घालून बसले होते, आणि ही एक गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती. पाहिली नव्हती असं तरी कसं म्हणावं?

नर्सिंग शाळेची ही चोवीस नेटबुकं. वहीएवढे लॅपटॉप, दहा इंचांचा पडदा, बोटं जाड असतील तर दोन कळा एकदम दाबल्या जातील असा कीबोर्ड. आत एक जीबीची मेमरी. जुनी प्रणाली वर्षागणिक जड होत गेली आणि ही बिचारी तिच्याखाली वाकली, सुरू व्हायलाच नऊ नऊ मिनिटं लागायला लागली. मशीन चालू करून मुली केस विंचरून यायच्या. भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा काका मध्ये पडले. “महिनाभर द्या मला. लिनक्स म्हणून दुसरी प्रणाली आहे, तिची हलकी आवृत्ती घालून बघतो. अंगापेक्षा कपडा मोठा झालाय नुसता. कपडा बदलला की चालतील.” मेट्रनबाईंनी महिना दिला. वर दुसऱ्या वर्षाचा पेपरही याच मशीनवर घ्यायचं ठरवून टाकलं. तो उद्या होता, सकाळी दहाला.

काकांनी वहीचं पान उलटलं. आडव्या ओळींत चोवीस नंबर, उभ्या रकान्यांत चाचण्या. सुरू होणं, आवाज, वाय-फाय, कीबोर्ड, बॅटरी. शेवटचा रकाना झाकणाचा. एक, दोन, तीन यांच्यापुढे बारीक अक्षरात तारीख आणि वेळ होती. चारपुढे नुसतं ‘ठीक’. आणि तिथून खाली चोवीसपर्यंत ‘ठीक, ठीक, ठीक’, एका दमात, एकाच शाईनं.

मेट्रनबाईंच्या पुढ्यातलं मशीन चार नंबरचंच होतं.

पहिल्या आठवड्यात झाकण उघडल्यावर चार नंबर असंच एकदा काळं राहिलं होतं. काकांनी बटण दाबून ते बंद केलं, पुन्हा लावलं, चाललं. चाललं म्हणून ‘ठीक’ लिहिलं. त्यानंतर मात्र त्यांच्या हातानं नकळत एक शहाणपण केलं. झाकण लावायचंच सोडून दिलं. कपाटात ठेवतानासुद्धा मशीन आधी नीट बंद करायचे, मग झाकायचे. दुखऱ्या पायाच्या माणसाबरोबर चालताना आपण जसे आपोआप हळू होतो, तसे.

“बटण दाबून परत लावू का?” मेट्रनबाईंनी हात पुढे केला.

“नको!” काका ओरडलेच. मग ओशाळले. “म्हणजे, तसं करू नका. तसं केलं की तुमचे दहा प्रश्न गेले. आणि का झालं ते कळणार नाही.”

खिशातला फोन थरथरला. मुलगी होती. ती दुसऱ्या गावी असायची. काका खिडकीपाशी गेले.

“बाबा, चार वाजता. लक्षात आहे ना?”

“आहे गं.”

“आणि या वेळी तुम्ही बोलायचं नाही. डॉक्टर आईला विचारतील, आईच सांगेल. मागच्या वेळी मी दारातून बघत होते, बरं का. आईला ‘चष्मा’ हा शब्द आठवेना, तेव्हा तुम्ही स्वतःचा चष्मा पुसायला काढलात.”

“काच खराब झाली होती.”

“बाबा, तुम्ही नऊ ते पाच बाहेर. ती एकटी, शेगडी तिच्या हाताशी. टेस्ट चांगली आली तर मी अवाक्षर काढणार नाही. नाही आली तर तिला एकटं ठेवायचं नाही. एवढंच. ठेवते.”

काकांना दुधाचं पातेलं आठवलं. मागच्या मंगळवारी घरी गेले तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, पातेलं कोळसा झालेलं, आणि ती बाहेर पायरीवर शांत बसलेली. त्यांनी ते तासभर घासलं. बुडाचा काळा डाग काही केल्या जाईना, तेव्हा फळीवर पार मागे सारून ठेवलं. मुलीला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

“काका, इकडे या बघू.” मेट्रनबाईंनी एप्रनच्या खिशातून पेनाएवढी विजेरी काढली होती. पेशंटच्या बाहुल्या तपासायची ती विजेरी. “मला आपली सवय. डोळा मिटलेला दिसला की उजेड टाकून बघायचा.” त्यांनी काळ्या पडद्यावर तिरपा प्रकाश पाडला आणि त्या वाकल्या. “अहो, आत अक्षरं आहेत!”

काकांनी वाकून पाहिलं. विजेरीच्या वर्तुळात, तळ्याच्या तळाशी दिसावं तसं, फिकट फिकट दिसत होतं. अकरावा प्रश्न. त्याच्याखालचे चार पर्याय. कर्सर तर मिचमिचत होता.

“जागं आहे,” काका पुटपुटले. “मेट्रनबाई, हे जागं आहे. सगळं आठवतंय त्याला. फक्त पडद्यामागचा दिवा लागत नाहीये.”

“म्हणजे मेलेलं नाही.”

“छे हो.”

“मग करा की उपचार. उभे काय राहिलात?”

काका बसले. विजेरीच्या उजेडात आधी दहा उत्तरं जपून ठेवली, मग कामाला लागले. मशीन सुरू होताना जी एक ओळ वाचतं, तिच्यात पडद्याच्या दिव्यासाठी एक शब्द घालायचा होता. कुठला, ते शोधायला दीड तास गेला. पहिल्या शब्दानं दिवा लागला पण मंद. दुसऱ्यानं मशीन सुरूच होईना, तेव्हा तो खटपटीनं काढावा लागला. तिसरा शब्द घातला, झाकण लावलं, मनात साठ मोजले, उघडलं. उजेड. पुन्हा लावलं, उघडलं. उजेड. दहा वेळा केलं, दहाही वेळा लख्ख. मग चोवीसही मशीनमध्ये तोच शब्द घातला आणि प्रत्येकाचं झाकण स्वतःच्या हातानं लावून उघडलं. वहीतल्या शेवटच्या रकान्यावर उभी रेघ मारली आणि शेजारी नवा रकाना आखला.

मेट्रनबाई पुन्हा डोकावल्या. “झालं?”

‘झालं’ हा शब्द काकांच्या जिभेवर आला होता. “एका मिनिटाची झोप चालते,” ते म्हणाले. “लांब झोपेचं माहीत नाही. पेपर तीन तासांचा आहे. एखादीनं सुरुवातीलाच झाकलं आणि तासाभरानं उघडलं तर काय होईल, ते अजून बघितलेलं नाही. चार नंबर झाकून घरी नेतो. संध्याकाळी उघडीन. जसं असेल तसं तुम्हाला कळवीन.”

“नाही उघडलं तर मी मुलींना कागद वाटीन. त्यात काय एवढं. पण आजच सांगा. उद्या दहाला नको.”

दोन वाजता काकांनी चार नंबरवर एक कोरं पान उघडलं, त्यावर ‘आहे’ एवढाच शब्द लिहिला, झाकण लावलं आणि मशीन पिशवीत घातलं.

घरी बायको तयार होऊन बसली होती. साडी नीट, केस नीट, एका पायात चप्पल.

“दुसरी?” काकांनी विचारलं.

“तीच शोधत बसलेय. माझ्यावर रुसलीय.” मग पिशवीकडे बघून हसली. “सवतीला पण घेऊन चाललात का डॉक्टरकडे?”

महिन्यापूर्वी पहिलं नेटबुक त्यांनी दुरुस्तीला घरी आणलं, तेव्हा तिनं पदर खोचता खोचता दोन ओळी जुळवल्या होत्या. तिला ती खोडच होती. लुगडं वाळत घालताना, लसूण सोलताना, ओठांवर आपसूक ओळी यायच्या.

इवलीशी पेटी, तिचा इवला उजेड
घरधनी माझा, त्याला पेटीचंच वेड.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. “आजी, तीन शब्द सांगते. लक्षात ठेवायचे. पुन्हा विचारीन हं. नदी, कुलूप, चमचा.”

“नदी, कुलूप, चमचा,” बायको शाळेतल्यासारखी म्हणाली.

मग शंभरातून सात वजा करायचे, कागदावर घड्याळ काढायचं. घड्याळाचं वर्तुळ तिनं सुरेख काढलं. बारापासून आकडे घालत गेली, ते सहापाशी सगळे दाटीवाटीनं उभे राहिले आणि डावा अर्धा गोल रिकामाच राहिला. काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. खिशातल्या किल्ल्या टोचत होत्या. नुसती कूस बदलली असती तरी त्या वाजल्या असत्या.

“आता सांगा आजी, मघाचे तीन शब्द.”

“नदी,” ती म्हणाली. आणि थांबली.

भिंतीवरचा पंखा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. परत आला. तिनं मान वळवून काकांकडे पाहिलं. नेहमीसारखं. घर बदलताना, बँकेत, पाहुण्यांच्या गर्दीत पाहायची तसं, म्हणजे आता तुम्ही बोला. काकांच्या मांडीला किल्ल्या रुतल्या. कुलूप. किती सोपं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“नदी,” ती पुन्हा म्हणाली. “पुढचं वाहून गेलं.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग काकांना विचारलं, “घरी काही झालंय का अलीकडे?”

“दुधाचं पातेलं जळलं,” काका म्हणाले. “मंगळवारी. मी लपवून ठेवलं. आणि मागच्या वेळी तिचे शब्द मीच सुचवले होते.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “सहा महिने लवकर औषध सुरू झालं असतं,” एवढंच म्हणाल्या. “असू दे. आजपासून करू. मात्र आता यांना दिवसा एकटं ठेवायचं नाही.”

बाहेर लांबलचक बाक होता. औषधाच्या खिडकीसमोर रांग होती, म्हणून दोघं बसली. पाच वाजून गेले होते. काकांनी मुलीला लावायला फोन काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“आज तुम्ही बोलला नाहीत,” बायको म्हणाली.

“नाही.”

“बरं केलंत. मागच्या वेळीही मला येत नव्हतं हो. पण तुम्ही असे घाबरले होतात, असा तो चष्मा पुसत होतात, म्हटलं, म्हणून टाकू एकदाचं. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल.”

काकांनी पिशवी उघडली, चार नंबर बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवलं. झाकण उघडलं.

हिरवा दिवा लागला. पंखा घरघरला. पडदा काळाच होता. काळ्या काचेत दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. काकांचं बोट बटणाकडे गेलं.

तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. “दाबू नका. थांबा की जरा. झोपेतून उठलंय ते.”

काका थांबले. ती काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि मग जुनी खोड आपसूक ओठांवर आली.

“इवलीशी पेटी, तिचा इवला उजेड...”

पुढची ओळ काकांच्या जिभेच्या टोकावर होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, तिचा हात मनगटावर तसाच राहू दिला, आणि ते थांबून राहिले.