थंडीत पाणी, उबेत मांस

साहेब, तो मंडप तुमचा होता. गोडदेवच्या त्या मैदानात महाराजांच्या फोटोपेक्षा तुमचा फोटो मोठा होता. पहिला नारळ तुम्ही फोडलात आणि माईकवरून सांगितलंत, "माझ्या आईच्या पायाची जखम महाराजांनीच भरली." ते ऐकून महिपतने बायकोला रिक्षात घातलं आणि तिथे आणलं. तेव्हा पुढचंही ऐकाच.

दोन हजार सहा सालची गोष्ट. महिपतच्या बायकोला, सुलूला, साखरेचा आजार. चप्पल लागून पायाला जखम झाली ती चिघळत गेली. डॉक्टर उर्मिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक बोट काढू. लगेच आलात तर पाय वाचेल." बोट काढायचं म्हटल्यावर घरात चूल पेटेना. आणि नेमके तेव्हाच शीतलनाथ महाराज अवतरले.

मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराजांचा कलश बर्फाच्या पेटीत ठेवलेला.

"डॉक्टर कापतो, नाथ भरतो!" महाराज गरजले. "हे हिमालयाचं दूध! अंगाची ऊब लागली की याचं मांस होतं. आईच्या पोटात तुमचं काय झालं होतं? बोला, काय झालं होतं?"

"मांस!" लोक ओरडले.

महाराजांनी सुलूच्या जखमेत तीर्थ ओतलं. जरासं दाट, पण पाण्यासारखंच वाहत होतं. बघता बघता ते पांढुरकं-गुलाबी झालं, घट्ट झालं, खड्डा भरून आला.

"अगं बाई, भरली की गं!" बायका रडायलाच लागल्या.

सुलूचा धाकटा भाऊ शशिकांत शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला राहवेना. तो उभा राहिला. "हे चायना ग्रास आहे, पुडिंग गोठवायला घालतात ते! गरम पाणी घाला, वितळून जाईल."

महाराज हसले. "घाला ना, मास्तर. चहावाल्याकडून उकळतं आणा."

वाटीत तसल्याच मांसाचा तुकडा ठेवला. शशिकांतने स्वतःच्या हाताने उकळतं पाणी ओतलं. वितळायचं सोडाच, तुकडा आणखी घट्ट झाला.

काय हशा पिकला! "सर, शाळा बंद करा, बाबांकडे ट्यूशन लावा!" "अरे सर, घर जाओ, पुडिंग बनाओ!"

"भावोजी, तरी ताईला डॉक्टरकडे नेऊया," शशिकांत कसाबसा म्हणाला.

"गप रे," महिपत म्हणाला. "तुझं विज्ञान बघितलं सगळ्यांनी."

पथ्य एकच होतं. पायाला थंड पाणी लावायचं नाही, बर्फ तर नाहीच. नाथ रुसतो. दर गुरुवारी जुन्या मांसावर नवं तीर्थ. सुलूच्या तळव्याची जाणीव आजाराने कधीच गेली होती, दुखेना म्हणून तिला वाटलं, बरं होतंय.

मग एका दुपारी शशिकांत गेला तर ती तापाने फणफणलेली, पाय गुडघ्यापर्यंत लाल.

"शशी, पोटरी पेटलीय रे. बर्फ दे."

"ताई, पथ्य?"

"खड्ड्यात गेलं पथ्य. दे."

त्याने कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला, फडक्यात बांधून पायाभोवती लावला. जरा वेळाने जखमेतलं मांस सैल पडलं आणि पाणी होऊन चादरीवर वाहून गेलं. खाली काळं, कुजलेलं, आणि हाड. सुलू टक लावून बघत राहिली.

"म्हणजे ते माझं नव्हतंच?"

इस्पितळाच्या बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती. ती सुलूला म्हणाली, "घाबरू नको गं. माझ्या पायाचं बोट इथंच काढलं. बघ, चालते की." तेवढ्यात ड्रायव्हर आला, "आईसाहेब, चला, साहेब गाडीत थांबलेत." शशिकांतने काचेतून गाडीत बघितलं. मंडपातल्या मोठ्या फोटोतला, तुमचाच चेहरा.

सुलूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"चायना ग्रास थंडीत गोठतं, मास्तर," उर्मिला म्हणाल्या. "हे उलटं आहे. कापसाच्या, लाकडाच्या तंतूंपासून एक पांढरी पूड बनते. थंड पाण्यात विरघळते, ते पाणी गरम झालं की गोठतं. ठरावीक क्षार घातले की अंगाची ऊबही पुरते. गार केलं की परत पाणी."

"म्हणून पेटीत बर्फ, आणि म्हणून पायाला बर्फ नको."

"हो. आणि ही वस्तू वाईट नाही हो! जगभर प्रयोगशाळांत लोक यावर राबतायत. कोळंबीच्या सालींपासूनही करतायत. जखम साफ करायची, यात जिवंत पेशी मिसळून सोडायच्या, त्यांना धरून वाढायला घर मिळतं. अजून किती वर्षं जातील. या माणसाने नुसतं घर बांधलं, आत कोणी नाही. कुजत्या पायावर झाकण ठेवलं."

पुढच्या गुरुवारी शशिकांत बर्फ घेऊन मंडपात गेला. महाराजांचंच तीर्थ पातळ स्टीलच्या वाटीत घेतलं, वाटी कोमट पाण्यात धरली. गोठलं. बर्फात धरली. वितळलं. पुन्हा गोठवलं, पुन्हा वितळवलं. पुढच्या रांगा वाकून वाटीत बघू लागल्या. शशिकांतला वाटलं, आता समजलं लोकांना.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, त्या दिवशी चायना ग्रास म्हणालात. आज बर्फ. उद्या काय आणणार?"

पुन्हा तोच हशा.

"पथ्य कोणी मोडलं?" महाराजांनी बोट रोखलं. "विचारा यालाच!"

गर्दीतून महिपत पुढे आला. डोळे सुजलेले. "शशी, बर्फ तूच लावलास ना?"

शशिकांतला उत्तर होतं. ऐकणारं कोणी नव्हतं.

लोकहो, कोणी चमत्कार दाखवून वर पथ्य सांगितलं, तर आधी ते पथ्य का, ते विचारा. विचारणारा एकदा चुकला म्हणून भोंदू खरा ठरत नाही. चूक कळल्यावर जो पुन्हा तपासतो, त्याच्याकडे बघा. आणि कुजणारा पाय घेऊन डॉक्टरकडे जा, आजच जा.

महाराज आता दुसऱ्या गावात आहेत, तिथेही मंडप आहे. सुलू खिडकीशी बसलेली असते. भावाशी बोलते, पण नवऱ्यासमोर नाही.

तुमची आई चालते, साहेब. चालू दे, खूप वर्षं चालू दे. पण कलश हाकेच्या अंतरावर असताना तिला तुम्ही डॉक्टरकडे नेलंत आणि आमच्या सुलूला मंडपात बोलावलंत. का? माईक अजून तुमच्याच हातात आहे. बोला.