कार्मिनचं तिसरं उत्तर

कार्मिनला पक्षाघाताचा झटका आला तो उपवासकाळातल्या एका सकाळी, वाडीत केळीची पानं कापता कापता. ईस्टरपर्यंत ती हॉस्पिटलातून गिरीज गावातल्या घरी परतली, पण उजवा हात तिचा राहिला नव्हता, आणि शब्द कुठे गेले ते तर कळतच नव्हतं. तिला ते दिसायचे मात्र. घरामागे बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं छोटं तळं. तिच्या डोक्यातही तसंच हिरवट पाणी साचलं होतं आणि तळाशी शब्द माशांसारखे हलत होते. धरायला गेलं की निसटायचे. एकच काठाशी उरला होता, 'हो'.

त्या 'हो'वर सगळं घर चाललं होतं. "पेज देऊ?" नवरा वॉल्टर विचारायचा. "हो." "पंखा बंद करू?" "हो." आत ती नको, नको म्हणत असायची आणि तोंडातून हो निघायचं. मग पंखा बंद व्हायचा, आणि ती घामाने भिजत कौलांतून आलेला कवडसा भिंतीवरून सरकताना बघत पडायची. राग यायचा, मग तोही त्या उजेडात विरघळून जायचा.

मुलगी एलिसा वसईच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. एका दुपारी आईचे केस विंचरताना तिने सहज विचारलं, "आज रविवार ना, मम्मी?"

"हो."

"की बुधवार?"

"हो."

एलिसाचा हात थांबला. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "तुझं नाव यमुना आहे?"

कार्मिनने होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. "हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. एलिसाने फणी खाली ठेवली आणि बराच वेळ आईचा डावा हात धरून बसली. तो हात बरा होता.

पुण्याला नोकरी लागलेल्या मर्विनने, एलिसाच्या भावाने, आपला जुना कॉम्प्युटर घरीच ठेवला होता. एलिसा तेव्हा पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होती, अगदी पहिले धडे. तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर प्रश्न येणार, ती तो मोठ्याने वाचणार, आणि आईने हो असेल तर एच दाबायचं, नाही असेल तर एन. मग एंटर.

पहिला प्रश्न चहाचा होता. कार्मिनने बोट एचवर ठेवलं आणि उचलायचं राहून गेलं. पडद्यावर एचची रांगच्या रांग उमटली. एंटर दाबल्यावर यंत्राने काहीतरी लिहिलं.

"काय म्हणतंय?" दारातून वॉल्टरने विचारलं.

"चुकीचं उत्तर म्हणतंय," एलिसा बोलून गेली.

कार्मिनने भिंतीकडे तोंड फिरवलं. एलिसा तिच्या उशाशी येऊन बसली. "तू नाही चुकलीस, मम्मी. मी त्याला एकच एच ओळखायला शिकवलं होतं. माणूस कसं उत्तर देतो ते मलाच कळलं नव्हतं."

तिने प्रोग्राम बदलला. आता तो फक्त पहिलं अक्षर बघायचा, मग ते लहान असो की मोठं, मागे कितीही शेपूट असो. पण एच आणि एन एकमेकांना खेटून असल्यामुळे बोट कधी इथे तर कधी तिथे पडायचं. मग एलिसाने दोन टोकांच्या कळा घेतल्या. डावीकडच्या 'ए'वर हिरवा कागद चिकटवला, उजवीकडच्या 'एल'वर लाल. हिरवा म्हणजे हो.

त्या दिवशी कार्मिनने पंखा चालू ठेवला. पेज नाकारली, सुक्या बोंबलाच्या कालवणाला हो म्हटलं. प्रत्येक कळेबरोबर पाण्यातून काहीतरी वर येऊन श्वास घेतंय, असं तिला वाटत होतं. वॉल्टरने ताट वाढलं. मग म्हणाला, "इतके दिवस नको ते खाऊ घातलं गं तुला."

पावसाळा सरताना मर्विनचा फोन आला. पुण्यात बोलायला शिकवणाऱ्या एक चांगल्या बाई होत्या. मम्मीला त्याच्याकडे ठेवायचं, वाडी असल्यामुळे पपा इथेच राहतील. एलिसाने प्रश्न टाकला, पुण्याला जायचं का?

कार्मिन बघत राहिली. लेकाचा चेहरा आला, त्याच्या मागे न पाहिलेली खिडकी, खिडकीत परकं आभाळ. तिचं बोट हिरव्यावर गेलं, लालवर गेलं, दोन्हींवरून वाऱ्यासारखं फिरलं. शेवटी तिने नुसतं एंटर दाबलं.

"नाही म्हणाली," एलिसा म्हणाली. वॉल्टर मर्विनला कळवायला उठला.

कार्मिनने डाव्या हाताने पलंगाची कड वाजवली. पुन्हा वाजवली. एलिसाने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. "थांबा पपा. हिरवं नसेल ते सगळं नाही समजायचं, असं मीच लिहिलंय. मम्मीने काहीच दाबलं नव्हतं." ती आईजवळ वाकली. "अजून ठरलं नाही का गं?"

"हो," कार्मिन म्हणाली. या वेळी तो शब्द बरोबर जागी पडला होता.

एलिसाने तिसरं उत्तर जोडलं. काहीच न दाबता एंटर आलं की यंत्र म्हणायचं, सावकाश सांगा, आणि तोच प्रश्न घेऊन थांबून राहायचं. पुढचे काही दिवस दुपारच्या सुस्तीत, वाडीतल्या पाटाचं पाणी वाहत असताना, तो प्रश्न पडद्यावर उभा असायचा. कुणी घाई केली नाही. मग एका संध्याकाळी कार्मिनने हिरवं दाबलं.

"कायमचं?" एलिसाने विचारलं.

लाल.

वॉल्टरने धोतराला हात पुसले आणि खुर्ची ओढली. एका बोटाने अक्षरं शोधत शोधत त्याने स्वतः प्रश्न लिहिला आणि वाचून दाखवला. "मी पण येऊ?"

"आणि वाडी?" एलिसा म्हणाली.

"शेजारचा सुधाकर बघेल. बोललोय त्याच्याशी."

कार्मिनने त्याच्याकडे पाहिलं. लग्नात घातला होता तो कोट आता त्याला बसला नसता, पण नजर तीच होती, थोडी घाबरलेली. तिने नुसतं एंटर दाबलं. यंत्र म्हणालं, सावकाश सांगा. वॉल्टर खाली बघू लागला. तिने आणखी एकदा एंटर दाबलं. मग तिच्या ओठांचा डावा कोपरा मिश्किल हलला, आणि तिने त्याचा हात उचलून आपल्या हाताने हिरव्या कागदावर ठेवला.