धाकटीच्या गोळ्या

थोरली चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर डोळ्यांत तेल घालून काम केलं तरी घरी कुणी 'दमलीस का' म्हणून विचारायचं नाही. लग्नाला चौदा वर्षं झालेली, पदरात दोन मुलं, आणि कौतुक मात्र धाकट्या जावेचं.

ही धाकटी आधी घुमी होती. शाळेच्या ऑफिसातून आली की खोलीत शिरायची. दोन महिन्यांपासून तिचा नूरच पालटला. भांडी विसळताना गुणगुणायची, सासूबाईंना ऑफिसातल्या गमती सांगून हसवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "घरात असं माणूस हवं. काहींच्या कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवली तरी जायच्या नाहीत." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एका सकाळी न्हाणीघरात, धाकटीच्या टॉवेलमागे तिला निळी बाटली सापडली. 'मन प्रसन्न ठेवणाऱ्या वनस्पतीजन्य गोळ्या, खास स्त्रियांसाठी.' म्हणजे हसू विकतचं होतं तर. थोरलीला आधी बरं वाटलं. मग वाटलं, विकत मिळतं तर मलाही मिळेल. दुपारच्या सुट्टीत तिने तीच बाटली आणली आणि लवकर गुण यावा म्हणून एकीच्या जागी दोन घेऊ लागली.

हसू काही आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात, पाळीची तारीख नसताना डाग दिसायला लागले. मूल राहू नये म्हणून ती रोज गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवला नव्हता. घाबरून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"दुसरं काही घेता?"

"नाही."

"झाडपाल्याचं, झोपेचं, केसांचं, काहीही?"

थोरलीने पर्समधली बाटली टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक अक्षरं वाचली. "यातली एक वनस्पती तुमच्या रोजच्या गोळीचा जोर कमी करते. डाग त्यानेच असावेत. दिवसही जाऊ शकतात, तपासून घेऊ. हे आजपासून बंद. बाकीचे अर्क किती घातलेत ते लिहिलेलंच नाही. ते हार्मोन्सवर काय परिणाम करतील, मीही छातीठोक सांगू शकत नाही. एखादीची पाळी लांबते, एखादीला काहीच होत नाही. घरात आणखी कुणी घेतं?"

"नाही," थोरली म्हणाली.

तिच्या तपासणीत काही निघालं नाही. पण त्याच आठवड्यात सासूबाईंनी धाकटीच्या हातातली बादली काढून घेतली आणि तिला खुर्चीत बसवलं. पाच वर्षांत मूल नव्हतं, आणि आता पाळीला बारा दिवस वर गेले होते. घरी केलेली चाचणी 'नाही' म्हणत होती. तरी 'अजून लवकर असेल' म्हणत सगळ्यांनी मनातले मांडे खायला सुरुवात केली. थोरलीला काय ते कळलं आणि ती गप्प बसली. पडू दे तोंडावर, असं तिच्या मनात आलं, आणि ते चांगलं चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी धाकटी तिच्या खोलीच्या दारात आली. "ताई, मुलांचे लहानपणीचे कपडे ठेवलेत का तुम्ही? नुसते बघायचे होते."

थोरलीने कपाट उघडलं, पुन्हा लावलं, आणि पलंगावर बसून सगळं सांगितलं.

"माझी बाटली तुम्हाला माहीत होती?"

"मीही तीच आणली. तू हसायचीस म्हणून."

धाकटी भिंतीला टेकली. "तुमची मुलं शाळेतून येऊन तुम्हाला बिलगली की मला तिथं उभं राहवायचं नाही, ताई, रडू यायचं. म्हणून घेत होते." मग तिने विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस," धाकटी म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवस ती थोरलीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टरांचा पत्ता द्या. नको, तुम्हीच चला." दोघी दवाखान्यात बाकावर बसल्या, मधे दोघींच्या पर्सा. गोळ्या बंद केल्यावर दहा दिवसांनी धाकटीला पाळी आली. पाळी त्या गोळ्यांनीच लांबली होती का, हे डॉक्टरीणबाई ठाम सांगू शकल्या नाहीत. त्यांनी नवराबायको दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि रडू येतं त्याबद्दल बोलायला दुसऱ्या एका बाईंचं नाव दिलं.

घरी सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "किती सोसते माझी पोर."

थोरली चहा ओतत होती. कप धाकटीच्या हातात देताना तिला स्वतःची लाज वाटली. पोटात दुखायचं मात्र थांबलं नव्हतं.