जास्तीचे चाळीस अंश

मन्नाएखेळ्ळीच्या पारावर सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चाळीसअंशी महाराज आणि त्यांच्यापुढे पितळेची गोल तबकडी.

“पंचांगात अंश किती?” महाराज गरजले.

“बारा राशी, तिसा-तिसाच्या. तीनशेसाठ,” तिप्पण्णा म्हणाला.

“आणि ह्या यंत्रात?”

शाळामास्तर सोडले तर इंग्रजी आकडे वाचता येणारा गावात तोच. तो वाकला. “अगागा! चारशे!”

“जास्तीचे चाळीस ते देवाचे अंश! तिकडं डोकं केलेला माणूस यमाला घावत न्हाई.”

गाव गहिवरलं. यमाकडे पंचांगापलीकडे साधन नसावं, अशी एकंदर समजूत दिसली.

शिवशंकरप्पा मास्तर आजच बीदरहून परतले होते. त्यांची नजर मात्र समोरच्या ओसरीवर. तिथे खाटेवर नागूबाईची लेक जगदेवी तापाने फणफणत होती. खाटेचे पाय खुंट्यांना बांधलेले, उशी यंत्रातल्या तीनशेऐंशी अंशाच्या दिशेला. अमावस्येआधी खाट हलली तर पोर गेली, असा महाराजांचा हुकूम.

“नागूअक्का, पोरीला दवाखान्यात न्यायचं सोडून कामून बसलाव?”

“खाट कशी हलवू, मास्तर? देवाच्या अंशात हाय लेकरू.”

मास्तरांनी तिच्याच टोपल्यातली भाकर घेतली. चार तुकडे केले, मग त्यांचेच आठ.

“भाकर वाढली का?”

“न्हाई. तुकडे ल्हान झाले.”

“वर्तुळ बी तेच. आपण तीनशेसाठ तुकडे करतो. हे फिरंगी मोजणीदाराचं जुनं यंत्र, त्यानं चारशे केले.” मास्तरांनी शाळेचा कोनमापक तबकडीवर ठेवला. काटकोन एकच, इकडे नव्वद, तिकडे शंभर. “त्यांचे दहा, आपले नऊ. तीनशेऐंशी म्हणजे आपले तीनशे बेचाळीस. तिकडं काय हाय, तिप्पण्णा?”

तिप्पण्णाने मान वळवून पाहिलं. “आमचा उकिरडा.”

गाव हसलं. महाराजांनी यंत्र काखोटीला मारलं. पळायला त्यांना कुठलीही दिशा चालली.

नागूबाई हसली नाही. तिने विळ्याने खुंट्यांच्या दोऱ्या कापल्या. गाडी जुंपली. मास्तर सोबत चढले. बीदरचा चढ लागला तेव्हा जगदेवीचा हात आईच्या हातात गार पडला.



“गणित कळलं, मास्तर,” नागूबाई म्हणाली. “आता लेकराचं तोंड कुण्या दिशेला करून मातीत ठेवू, तेवढं सांगा.”

मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं पोरीच्या अंगावर पांघरलं.

लोकहो, देव माना, न माना. पण कुणी जास्तीचे अंश दाखवू लागला, तर आधी भाकर तीच आहे का बघा आणि खाट दवाखान्याकडे फिरवा. ती दिशा कुठल्याही मापाने मोजली तरी तीच असते.